बॅटरीचा फवारणी पंप विमानाने पाठवायचाय, "धोकादायक माल" म्हणून परत आला. काय करू?

कुपवाड_फवारणी

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचक, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. पाठीवरचे फवारणी पंप करतो. वडिलांच्या काळात दांड्याचे, मग पेट्रोलवरचे, आता मुख्यतः बॅटरीवरचे. केनियातल्या एका व्यापाऱ्याने सहा नमुने मागवले. बोटीने पाठवले तर त्यांचा हंगाम निघून जातो, म्हणून विमानाने पाठवायचं ठरलं. सहा खोकी पट्ट्या मारून टेम्पोने मुंबईला रवाना केली. पाचव्या दिवशी सहाच्या सहा परत दारात! खोक्यावर मार्करने एवढंच लिहिलेलं: "डीजी. कागद नाहीत."

एजंटला फोन केला तर म्हणाला, साहेब तुमच्यात लिथियम बॅटरी आहे, म्हणजे डेंजरस गुड्स. म्हटलं, अहो, आमचा शेतकरी हा पंप पाठीला बांधून दिवसभर वांग्यातून फिरतो. त्याच्या पाठीला काही होत नाही आणि विमानाला काय होणार?

आता दुसरा एक एजंट भेटलाय. तो म्हणतो, "बॅटऱ्या काढा, वेगळ्या खोक्यात भरा, वर पंपाचे सुटे भाग असं लिहा. पुढचं मी बघतो." वडील म्हणतात, लिहून टाक, कोण उघडून बघतंय. माझा हात काही उठत नाही. इथे कुणी या लायनीतलं आहे का?

भडंगप्रेमी

लायनीतला नाही. पण सांगलीच्या भडंगालासुद्धा धोकादायक मालात घालावं असं माझं जुनं मत आहे. एकदा पुडा फुटला की आटोक्यात येत नाही. हलकेच घ्या.

कृष्णामाई_८७

वाचतेय. आमच्या मळ्यात असाच पंप आहे (तुमचाच की काय माहीत नाही). त्याची बॅटरी फुगलीये. हे वाचून आता भीती वाटायला लागली.

ड्यूटीवर_आहे

मी मूळचा कोरेगावचा, बरीच वर्षं मुंबईत कार्गोमध्ये आहे. रोज हीच खोकी उघडतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. शिफ्ट संपलीये, वेळ आहे.

आधी त्या दुसऱ्या एजंटचं. त्याचा सल्ला ऐकलात तर सोपं काम अवघड करून घ्याल. बॅटरी पंपात बसवलेली असेल किंवा पंपासोबत त्याच खोक्यात असेल, तर तिचा यूएन नंबर (धोकादायक मालाच्या प्रत्येक प्रकाराला संयुक्त राष्ट्रांनी ठरवून दिलेला) ३४८१. तीच बॅटरी काढून वेगळ्या खोक्यात एकटी ठेवली की नंबर होतो ३४८०. आणि ३४८० हा माल १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानाच्या पोटात जातच नाही. फक्त मालवाहू विमानाने, तोही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नसलेला. म्हणजे बॅटरी जिथे आहे तिथेच राहू द्या. ती पंपात आहे हाच तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

आता तुमचा प्रश्न, की शेतकऱ्याच्या पाठीला काही होत नाही मग विमानाला काय होणार. शेतकऱ्याची बॅटरी तापली तर तो पंप उतरवून बांधावर टाकेल आणि लांब उभा राहून शिव्या घालेल. विमानात बांध कुठे आहे? लिथियमचा एक सेल आतून शॉर्ट झाला की स्वतःच तापत जातो, शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. मालाच्या कप्प्यात हॅलॉन वायू सोडून ज्वाळा दाबता येतात, पण सेलच्या पोटातली उष्णता त्याने थांबत नाही.

एकच सांगा: तुमच्या बॅटरीवर व्होल्ट किती आणि अँपिअर-अवर किती लिहिलेत? दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर. तो १०० च्या आत आहे की बाहेर, यावर पुढचं सगळं ठरतं.

@कृष्णामाई: फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, गोठ्यात-घरात ठेवू नका, उन्हात तर नाहीच. अशी खराब बॅटरी विमानाने अजिबात नेता येत नाही, कितीही कागद असले तरी.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

मला हे पटत नाही. मोठ्या कंपन्यांचे मोबाईल कंटेनरच्या कंटेनर भरून विमानाने येतात, तेव्हा विमान पेटत नाही. कुपवाडच्या माणसाचे सहा पंप निघाले की नियम आठवतात. नियमाचं पुस्तक जेवढं जाड, तेवढं लहान माणसाचं नुकसान. साताऱ्याच्या एमआयडीसीत मीही हेच भोगलंय, पण तो विषय वेगळा.

शेंगदाणे_खात_वाचतोय

धाग्यावर नजर ठेवून आहे. वाचनखूण साठवली.

ड्यूटीवर_आहे

@अजिंक्यतारा: मोबाईलही त्याच पुस्तकाप्रमाणे येतात हो. त्यांच्या बॅटरीच्या चाचण्या झालेल्या असतात, खोक्यावर चिन्ह असतं, कागदावर नंबर असतो. पुस्तक जाड आहे हे मात्र खरं, आयटाचं (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचं) पुस्तक दरवर्षी नवीन निघतं आणि आम्हाला दर दोन वर्षांनी परत वर्गात बसवून परीक्षा घेतात. पन्नाशीतला माणूस पेन चावत बसलेला बघायचा असेल तर या एकदा.

आणि विमान पेटत नाही म्हणालात म्हणून. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून कोलोनला निघालेलं यूपीएसचं ७४७ मालवाहू विमान. त्यात ८१ हजारांहून जास्त लिथियम बॅटऱ्या होत्या. उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत आगीचा इशारा आला. कॉकपिटमध्ये एवढा धूर झाला की समोरचे काटे दिसेनात. कॅप्टनचा ऑक्सिजन बंद पडला, दुसरा वैमानिक रेडिओवर दुसऱ्या विमानांकडून स्वतःची उंची आणि वेग विचारत परत येत होता. धावपट्टी चुकली. दोघेही गेले. पुढे चौकशीत निघालं की त्यातल्या काही मालाची धोकादायक म्हणून नोंदच नव्हती.

गलाईवाला_खानापूर

आमची तिसरी पिढी गलाईत. गाव विट्याजवळ, धंदा तामिळनाडूत. आमच्याकडं घरटी एक माणूस असा भारतभर पसरलाय. सोनं-चांदी गाळायचं म्हटलं की नायट्रिक ॲसिड आलंच, त्याशिवाय सोन्यातली चांदी निघत नाही.

माझाच किस्सा सांगतो, लाज वाटायचं कारण नाही आता. पहिल्यांदा विमानात बसलो तवा. दगडावर कस लावून बघायची आमची एक बारकी बाटली असती, अंगठ्याएवढी. ती शर्टाच्या वरच्या खिशात, रोजची सवय. गडबडीत तशीच राहिली. तपासणीत बाईसाहेबांनी इचारलं हे काय. म्या म्हटलं, औषध हाय. (काय डोकं चाललं माझं देव जाणे.) त्यांनी बूच उघडायला हात घातला आणि मी वरडलो, "मॅडम, ॲसिड!" पुढचे दोन तास मी एका खोलीत. विमान गेलं. बाटली गेली. लग्न होतं मेव्हणीचं, तिथं रात्री पोचलो, बायको आजून बोलून दाखवती.

पण खरं सांगतो, औषध म्हणालो ती चूक मोठी. ॲसिड म्हणालो असतो तर बाटली काढून घिऊन सोडलं असतं.

भडंगप्रेमी

@गलाईवाला "औषध हाय" 😂 मेव्हणीच्या लग्नात आहेर तरी पोचला का?

निवृत्त_रसायन

गलाईवाल्या दादांचा किस्सा वाचून राहवलं नाही. तीस वर्षं पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, नायट्रिक ॲसिडचा धडा आला की मी १९७३ ची एक गोष्ट सांगायचो.

३ नोव्हेंबर १९७३. पॅन ॲमचं बोइंग ७०७, नुसता माल, न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे. मालात कॅलिफोर्नियातून निघालेल्या नायट्रिक ॲसिडच्या काचेच्या बाटल्या होत्या, लाकडी पेट्यांत. बाटल्या फुटू नयेत म्हणून भोवती भरला होता लाकडाचा भुसा! आपण बांगड्या पेंढ्यात बांधतो तसा. बांधणाऱ्याला वाटलं असेल, छान मऊ झालं. पण नायट्रिक ॲसिड नुसतं जाळणारं नाही, ते ऑक्सिजन देणारंही आहे. भुशावर सांडलं की भुसा काडी न लावता धुमसायला लागतो. त्यात पेट्यांवर "ही बाजू वर" असे बाण नव्हते, पेट्या आडव्या ठेवल्या गेल्या. एखादं बूच पाझरलं असणार. वैमानिक बोस्टनला वळले, उतरता उतरता धुरात काही दिसेना आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. तिघे गेले.

पोरं विचारायची, सर, मग कशात बांधायला हवं होतं? व्हर्मिक्युलाइटसारख्या न जळणाऱ्या खनिजात. एवढंच. भुशाच्या जागी दगडाचा चुरा.

बाटली पाझरायचं दुसरं कारण इथल्या लोकांना लगेच कळेल. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना चिप्सचं पाकीट कसं टम्म फुगतं? विमानाच्या आतला दाब जास्तीत जास्त ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा कमी होऊ देतात. आपलं कळसूबाई साडेपाच हजार फुटांचंसुद्धा नाही. म्हणजे पाकीट फुगवणारा तोच दाब बाटलीच्या बुचालाही आतून ढकलत असतो. पातळ पदार्थाच्या पॅकिंगला ९५ किलोपास्कलचा दाबाचा फरक सहन झाला पाहिजे, असा नियम त्यासाठीच आहे.

तंबोरा_मिरज

सरांचं वाचून आमची एक जुनी चूक आठवली. आमचं काम तंतुवाद्यांचं. जर्मनीच्या एका शिष्याला सतार पाठवली होती. भोपळ्याभोवती कापूस, दांडीला आधार, तारा सैल करून, सगळं देवासारखं बांधलं. आणि आमच्या कारागिराने प्रेमाने एक छोटी बाटली आत टाकली. लाखेचं पॉलिश. स्पिरिटमध्ये विरघळवलेलं. वाटेत ओरखडा पडलाच तर त्या पोराने हात फिरवावा म्हणून.

सतारीला काहीच अडचण नव्हती, लाकूड आणि भोपळाच तो. बाटलीने अडकवलं. स्पिरिट म्हणजे धोकादायक मालातला तिसरा वर्ग, ज्वालाग्राही द्रव. एक्स-रेत दिसली, अख्खी पेटी उघडली, आणि परत बांधणाऱ्याला सतार कशी बांधतात ते ठाऊक नव्हतं. जर्मनीत पोचली तेव्हा तारांखालची घोडी निसटलेली, तरफेच्या तारा विस्कटलेल्या. त्या मुलाने फोटो पाठवला तेव्हा कारागीर दिवसभर जेवला नाही.

तेव्हापासून पॉलिशची चिठ्ठी पाठवतो: लाखदाणा एवढा, स्पिरिट एवढं, तिकडेच बनवून घे.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

किस्से छान आहेत, पण माझा मुद्दा तसाच राहतोय. ॲसिड आणि स्पिरिट धोकादायक आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. आमच्या बहिणीचं तर विमानतळावर सुकं खोबरं काढून घेतलं! ओटीचं सामान होतं. आता खोबरं पण बॉम्ब?

पेवातली_हळद

@अजिंक्यतारा: बॉम्ब नाही, पण पेटतं. सुक्या खोबऱ्याला यूएन नंबर १३६३ आहे, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेटणारे पदार्थ. तेल भरपूर, ओल राहिली आणि हवा कोंडली की आतून तापत जातं. साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग आतून धुमसतो, ओल्या कडब्याची गंज वाफाळते, तेच गणित. बहिणीच्या ओटीतल्या दोन वाट्यांनी विमान पेटलं नसतं हे मलाही कळतं, पण तपासणीवाला वाट्या मोजत बसणार की सरळ नाही म्हणणार? सुकं खोबरं चालत नाही, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

मी हरिपूरची. आमच्याकडे हळदीची पेवं होती, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. २००५ च्या पुरात गेली त्यातली बरीचशी, पण लहानपणी पाहिलेलं आठवतं. पेव उघडलं की आजोबा लगेच कुणाला आत उतरू देत नसत. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. आत ना धूर, ना वास, पण माणूस उतरला तर वर यायचा नाही.

हे इथे सांगायचं कारण म्हणजे ड्राय आइस. मी औषधांच्या कंपनीत कोल्ड-चेनला आहे. लस, नमुने वगैरे ड्राय आइसमध्ये जातात. उणे ७८ अंशांचा घट्ट कार्बन डायऑक्साइड. वितळत नाही, थेट वायू होतो. नवीन मुलं हमखास एकच चूक करतात, थंडी टिकावी म्हणून डबा चिकटपट्टीने हवाबंद करतात. तो डबा फुटतो. आणि वायू बाहेर आला की विमानाच्या कप्प्याचं पेव होतं, तिथे जनावरं चाललेली असली तर आणखी पंचाईत. म्हणून यूएन १८४५ चं लेबल, वर किती किलो ते, आणि वायू बाहेर जायला वाट. प्रवाशालाही नेता येतो, अडीच किलोपर्यंत, विमान कंपनीला सांगून.

डॉक्टर_गोठ्यातले

हळदताई, उत्तम. नायट्रोजनचं राहिलं म्हणून मी. पशुवैद्य आहे, पलूस-भिलवडी भागात. कृत्रिम रेतनाच्या (वीर्याच्या) कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतो, उणे १९६ अंश. गावोगाव आमचे लोक मोटरसायकलला ते भांडं अडकवून फिरतात, कुणी ढुंकून बघत नाही. विमानाने कांड्या मागवायच्या तर हेच भांडं चालत नाही, कारण द्रव हिंदकळतो, वायू सुटतो. त्यासाठी "ड्राय शिपर" येतं. आत सच्छिद्र पदार्थ असतो, तो नायट्रोजन स्पंजासारखा शोषून घेतो. भांडं आडवं पडलं तरी थेंब सांडत नाही, आणि मग त्याला धोकादायक मालाचे नियम लागत नाहीत. तीच वस्तू, तीच थंडी. भांडं बदललं.

अवांतर: भिलवडीला आलात तर बासुंदी खाल्ल्याशिवाय जाऊ नका.

शेंगदाणे_खात_वाचतोय

कंदी पेढे > बासुंदी. (पळतो.)

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

पेढ्यांसाठी +१००. बाकी ताईंचं आणि डॉक्टरांचं पटलं. पण मग मला हे सांगा, सामान्य उत्पादकाला हे सगळं कळायचं कसं? खोबऱ्याला नंबर आहे हे त्याला कोण सांगणार? मालधनीच जबाबदार, असं म्हणून सगळे हात वर करतात.

ड्यूटीवर_आहे

हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे, आणि याचं माझ्याकडे गोड उत्तर नाही. जबाबदारी पाठवणाऱ्याचीच. लाल तिरप्या पट्ट्यांची किनार असलेलं घोषणापत्र असतं, त्यावर सही पाठवणाऱ्याची. एजंटची नाही, आमची नाही. कुठला कप्पा, किती माल, कुठला वर्ग, हे उड्डाणाआधी कॅप्टनच्या हातात लेखी जातं. वर आग लागली तर तो त्या कागदावरून ठरवतो काय करायचं. आता विचार करा, त्या कागदावर तुमचं खोकं "सुटे भाग" असेल तर?

कुपवाडकर, तुमच्या वडिलांना ११ मे १९९६ चं सांगा. व्हॅल्युजेटचं विमान, मायामीहून अटलांटाला, ११० माणसं. पोटात पाच खोकी होती. कागदावर ऑक्सिजनचे डबे, "रिकामे" असं लिहिलेलं. खरं म्हणजे ती मुदत संपलेली रासायनिक ऑक्सिजन यंत्रं, प्रवाशांच्या डोक्यावरच्या मास्कला पुरवतात ती. वापरलेली नव्हती. चाप ओढला गेला की तापतात आणि ऑक्सिजन सोडतात. चापावर प्लास्टिकची टोपणं बसवायची असतात, ती कुणी बसवली नव्हती. त्या कप्प्यात धूर ओळखायचं यंत्र नव्हतं. दहा मिनिटांत विमान फ्लोरिडाच्या दलदलीत. एकही वाचलं नाही.

ते खोकं बांधणाऱ्यांनाही कुणाचं वाईट करायचं नव्हतं हो.

वॉट-अवर सांगा म्हटलं होतं, त्याचं काय झालं?

लॅब_आणि_लगबग

धागा भरकटायच्या आधी एक. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन. किरणोत्सर्गी माल म्हटलं की लोक दचकतात, पण तोच माल नेमका विमानाने आणावा लागतो. कारण तो वाटेतच संपत असतो. टेक्निशियम-९९एमचं अर्धं आयुष्य ६ तास, पेट स्कॅनच्या फ्लोरिन-१८ चं ११० मिनिटं. उशीर झाला की डबा पोचतो, औषध नाही. शिशाच्या आवरणात असतं, बाहेर किती किरणं येतात ते मोजून पांढरं किंवा पिवळं लेबल लावतात. एकदा पेशंटच्या नातेवाइकाने विचारलं होतं, "मग पेशंटला विमानात बसवायच्या आधी लेबल लावायचं का?" हसले, पण प्रश्न चुकीचा नव्हता. उपचारानंतर थोडे दिवस डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवायला सांगतोच आम्ही, विमानतळांवरच्या यंत्रांना कळतं कधी कधी.

कुपवाड_फवारणी

बापरे, दोन दिवस कारखान्यात अडकलो होतो आणि इथे एवढं झालं. सगळ्यांचे आभार. व्हॅल्युजेटचं वडिलांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, चहा थंड झाला तरी कप हातात तसाच होता. "सुटे भाग" हा विषय आमच्याकडे संपला.

आता आकडा. बॅटरीवर स्टिकर आहे: १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर. म्हणजे ९६. शंभरच्या आत! सुटलो ना?

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

अभिनंदन! काढा गुलाल.

ड्यूटीवर_आहे

गुलाल थांबवा. स्टिकर कुणी छापलं? आत सेल कुठले आहेत? लिथियम आयर्न फॉस्फेट असतील तर एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.२. चार सेल ओळीने म्हणजे १२.८. बाजारात त्याला सरसकट "१२ व्होल्ट" म्हणतात. ८ ने गुणा.

भडंगप्रेमी

१०२.४ 😶

कुपवाड_फवारणी

सेल आयर्न फॉस्फेटचेच आहेत. स्टिकर आम्हीच मिरजेत छापून घेतलं, गिऱ्हाइकाला १२ कळतं म्हणून.

ड्यूटीवर_आहे

वाटलंच. दोन रस्ते आहेत. एक, १०२.४ म्हणूनच पाठवायचं: धोकादायक मालाचा नववा वर्ग, पूर्ण घोषणापत्र, प्रशिक्षित माणसाकडून कागद, खर्च वाढणार. दुसरा, बॅटरीच लहान करायची.

दोन्हींत बॅटरी पुरवणाऱ्याकडून यूएन ३८.३ च्या चाचणीचा गोषवारा मागा. १ जानेवारी २०२० पासून तो द्यायला ते बांधील आहेत. उंची, तापमान, हादरे, धक्का, शॉर्ट सर्किट, चेपणं, जास्त चार्जिंग, अशा आठ चाचण्या असतात. नमुन्याला म्हणून तुम्हीच जोडलेला पॅक असेल आणि त्याची चाचणीच झालेली नसेल, तर शंभरच्या आत असो की बाहेर, तो नेहमीच्या वाटेने जाणार नाही. आणि पंपाचं बटण वाटेत आपोआप दाबलं जाऊ नये अशी सोय करा. ही गोष्ट ९० टक्के लोक विसरतात.

निवृत्त_रसायन

जुनी शिशाची सीलबंद बॅटरी बसवली तर?

ड्यूटीवर_आहे

सर, जमेल, तिचा नंबर २८००, न सांडणारी म्हणून चाचणी पास असेल तर नियम बरेच सैल आहेत. पण वजन वाढेल, आणि केनियाच्या शेतकऱ्याची पाठ.

कुपवाड_फवारणी

दहा दिवसांनी आलोय, हिशोब द्यायला.

पुरवठादाराकडे ७ अँपिअर-अवरचा पॅक निघाला, चाचणीच्या गोषवाऱ्यासकट. १२.८ गुणिले ७, ८९.६. पंप तासभर कमी चालतो. केनियाच्या व्यापाऱ्याला सरळ सांगितलं, त्याला चाललं. बटणावर घरच्या घरी एक टोपण करून बसवलं, इंजेक्शन मोल्डिंगच्या भंगारातून. इतकं बरं झालं की आता गावाकडच्या पंपालाही तेच टोपण देणार आहोत. खोकी दोनपेक्षा जास्त म्हणून सहाही खोक्यांवर लिथियम बॅटरीचं चिन्ह. आणि नवीन स्टिकर: १२.८ व्होल्ट. जुनी दोन हजार स्टिकरं पडून आहेत, कुणाला हवीत तर सांगा.

परत पाठवणाऱ्या पहिल्या एजंटकडेच दिलं काम. वडील त्याच्याशी फोनवर अर्धा तास बोलले, त्यात वीस मिनिटं द्राक्षाच्या भावावर.

टेम्पो काल रात्री गेला. व्यापाऱ्यासाठी भडंगाची चार पाकिटं टाकलीत. मालाच्या यादीत लिहूनच.

भडंगप्रेमी

आणि वर्ग कुठला लिहिला?

गलाईवाला_खानापूर

औषध हाय म्हणून सांगा.

परगावी_असतो

पूर्ण धागा वाचला नाही, माफ करा. उद्या पुण्याहून विमान आहे. माझ्या पॉवर बँकवर २०००० एमएएच लिहिलंय. मोठ्या बॅगेत टाकली तर चालेल का?

ड्यूटीवर_आहे

हातातल्या बॅगेत. मोठ्या नाही. आणि २०००० गुणिले ३.७, भागिले १०००. करा गुणाकार.